कमांड लिहिणाऱ्या मॅडम

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी प्रयोगशाळेच्या नोंदी सांभाळायचो. माकुणसारहून मोटरसायकलने सकाळी निघायचं, साडेनऊला खुर्चीत बसायचं. वय चौतीस, घरी थोडी वाडी, बायको, एक मुलगी. कारखान्यात दहा वर्षं झाली होती आणि माझ्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार नव्हती, पण काम कसलं होतं ते सांगतो. तपासणीची यंत्रं प्रत्येक चाचणीचा रिपोर्ट आपोआप एका फाइलमध्ये टाकत. त्या फाइलला यंत्र स्वतःच्या मनाने नाव द्यायचं: तारीख आणि पुढे एक आकडा. गुणवत्ता विभागाला मात्र नावात आधी बॅच नंबर हवा असे. म्हणून मी एकेक फाइल उघडायचो, आतला बॅच नंबर बघायचो, फाइल बंद करायचो, नाव बदलायचो. दिवसाला शंभर-सव्वाशे फाइली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं एवढंच चालायचं. मान दुखायची, पण मी त्या कामात इतका तरबेज झालो होतो की बोलता बोलता करायचो.

एकदा कॉम्प्युटर विभागातल्या मॅडम आमच्या खोलीत प्रिंटर बघायला आल्या. त्यांना सगळा कारखाना ओळखायचा. पन्नाशी उलटलेली, बारीक अंगकाठी, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. दांडीच्या पलीकडे किनाऱ्यावर एक छोटं गाव आहे, तिथल्या कोळी कुटुंबातल्या त्या. प्रिंटर दुरुस्त झाल्यावर त्या गेल्या नाहीत. माझ्या पाठीमागे उभ्या राहून बघत राहिल्या. मग विचारलं, बॅच नंबर फाइलमध्ये नेमका कुठे असतो? मी दाखवलं, तिसऱ्या ओळीवर, ठरावीक शब्दानंतर. नेहमी तिथेच असतो का? नेहमी तिथेच. त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडली. तिच्यात ना चित्र ना बटण, नुसता लुकलुकणारा ठिपका. त्यांनी चार-पाच ओळी टाइप केल्या. पडद्यावर माझ्या सगळ्या फाइलींची यादी भराभर वर सरकली: डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं. त्या म्हणाल्या, अजून काही बदललेलं नाही, काय बदलणार आहे तेवढं दाखवलंय. यातल्या कुठल्याही दहा उघडून तपासा. मी तपासल्या. दहाही बरोबर होत्या. मग त्यांनी ओळीतला एक शब्द काढला, एंटर दाबलं, आणि माझं दुपारपर्यंतचं काम संपलं. कपातला चहा अजून गरम होता.

मला आनंद झाला असं म्हणालो तर खोटं होईल. दहा वर्षं मी जे करत होतो ते एका ओळीत मावलं होतं. मी त्यांना तसं म्हणालोही, की मॅडम, आता मी काय करू? त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं.

"रिपोर्ट वाचा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्यासाठीच ठेवलंय ना? नावं बदलण्यात तुम्हाला आतला आकडा बघायला वेळच मिळत नव्हता."

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा रिपोर्ट नीट वाचायला लागलो. एका यंत्राचे आकडे रोज थोडे थोडे वर सरकत असल्याचं मला चौथ्या दिवशी दिसलं. यंत्र तपासलं तर आतला एक दिवा म्हातारा झाला होता. मी ते शोधलं, म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्या वेळी मॅडम तिथेच होत्या, पण काळ्या खिडकीचं नावही त्यांनी काढलं नाही.

मग मी त्यांच्या मागे लागलो, की मला हे शिकवा. त्या तयार झाल्या, पण त्यांच्या शिकवण्याची पद्धत फार त्रासाची होती. काहीही विचारलं की उत्तर द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, 'मॅन' टाइप करून त्यापुढे कमांडचं नाव लिहा, मशीन स्वतःच सांगेल. मशीन सांगायचं, पण पानंच्या पानं, आणि सगळं इंग्रजीत. मी वैतागायचो. एकदा तर रागाने म्हणालो, की दोन शब्दांत सांगितलंत तर तुमचं काय बिघडतं? त्या शांतपणे म्हणाल्या, मी नसेन तेव्हा कोण सांगेल? आणि आपल्या टेबलाकडे गेल्या.

त्या स्वतः तशाच शिकल्या होत्या. तीसेक वर्षांपूर्वी टाइपिस्ट म्हणून लागल्या, तेव्हा कारखान्यात एक मोठं मशीन आलं होतं. बसवायला आलेला इंजिनिअर पंधरा दिवसांनी निघून गेला आणि मागे एक जाडजूड पुस्तक ठेवून गेला. कुणी त्याला हात लावेना. मॅडम ते पिशवीत घालून घरी नेत. आई बाजारात सुकी मासळी विकायला बसायची, सुट्टीच्या दिवशी या तिच्या शेजारी बसून पुस्तक वाचायच्या. गिऱ्हाईक आलं की पुस्तक मिटायचं, गेलं की उघडायचं. इंग्रजी कच्चं होतं, म्हणून शब्दकोश सोबत. पालघरला कॉलेजात असताना जेवढं वाचलं नाही तेवढं त्या मासळीबाजारात वाचलं, असं त्यांनी मला एकदा हसत सांगितलं होतं.

हळूहळू मलाही गोडी लागली. मॅडमकडे मोठमोठी सॉफ्टवेअर नव्हती. होत्या त्या छोट्या छोट्या कमांड. एक फक्त ओळी शोधते, एक फक्त क्रमाने लावते, एक फक्त मोजते. एकीचं उत्तर दुसरीच्या हातात द्यायचं, दुसरीचं तिसरीच्या. मध्ये एक उभी रेघ काढली की झालं. सर्व्हरची जागा भरत आली की कुठल्या फोल्डरने खाल्ली ते त्या एका ओळीत काढायच्या. पाळीवरचा ऑपरेटर उत्तर प्रदेशातला होता. तो दारातूनच विचारायचा, "मॅडम, कल रात का तापमान मिलेगा?" तो खुर्चीवर टेकेपर्यंत कागद त्याच्या हातात असायचा. मी बघत बसायचो. त्यांच्या बोटांत घाई नसायची. टाइप केलेली ओळ त्या एंटर दाबण्याआधी ओठांतल्या ओठांत एकदा वाचायच्या, रोज करायच्या त्या कामातसुद्धा.

मी मात्र सहा महिन्यांत शहाणा झालो. जुन्या फाइली पुसून टाकणारी एक स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली आणि मॅडमना न दाखवता चालवली. एका फोल्डरच्या नावात दोन शब्द होते आणि मध्ये मोकळी जागा. माझ्या स्क्रिप्टने त्या एका नावाची दोन नावं समजली. 'स्टॅबिलिटी जुनं' असं फोल्डर पुसायचं होतं, तिने 'स्टॅबिलिटी' आणि 'जुनं' अशी दोन फोल्डरं शोधली. 'जुनं' नावाचं काही नव्हतं. 'स्टॅबिलिटी' होतं. औषध किती महिने टिकतं याच्या दोन वर्षांच्या चाचण्या त्यात होत्या. पडद्यावर काही आवाज झाला नाही, काही विचारणा झाली नाही. मी फोल्डर उघडायला गेलो आणि ते तिथे नव्हतं.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. पण उठलो आणि मॅडमच्या टेबलापाशी जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, त्यानंतर मशीनवर आणखी काही केलंत का? नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं केलंत.

त्यांची एक स्क्रिप्ट रोज दुपारी एक वाजता सगळ्या फोल्डरांची प्रत दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर ठेवायची. किती वर्षं, ते मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्यांनी आदल्या दिवशीची प्रत परत आणली. आदल्या दुपारनंतरच्या तेवढ्या फाइली यंत्रांमधून पुन्हा उतरवून घेतल्या. दीड तासात 'स्टॅबिलिटी' जागेवर होतं. मग त्यांनी खणातून एक जाड वही काढली. तिच्यात त्यांच्या स्वतःच्या चुका लिहिलेल्या होत्या: काय टाइप केलं, काय झालं, कसं निस्तरलं. पहिल्याच पानावर त्यांनी एका महिन्याच्या पाळ्यांच्या नोंदी पुसल्याचं होतं. पुढचं कोरं पान उघडून त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी लिहिलं, आणि तेव्हापासून नावाभोवती अवतरणचिन्हं घालायला एकदाही विसरलो नाही.

या बाईंबद्दल लिहावंसं वाटलं ते मात्र कारखान्यातल्या कशामुळे नाही. पावसाळा संपून बोटी समुद्रात गेल्या होत्या. अचानक वादळाचा इशारा आला. सगळ्या किनाऱ्यावरच्या बोटी मिळेल त्या बंदरात शिरल्या. आमचा सुट्टीचा दिवस होता. सकाळी आठला मॅडमचा फोन आला, की लॅपटॉप घेऊन आमच्या गावच्या सोसायटीत याल का, माझा दुरुस्तीला टाकलाय. वारा एवढा होता की माकुणसारहून निघालो ते बोईसर गाठेपर्यंत गाडी दोनदा कडेला घ्यावी लागली.

मच्छीमारांच्या सोसायटीची एक लांबट खोली. बाहेर पायरीवर आणि ओट्यावर बायका, म्हातारी माणसं बसलेली. आत तीन फोन एकाच वेळी वाजत होते. समुद्रात गेलेल्या बोटींची यादी सोसायटीकडे होती, कारण जाण्याआधी प्रत्येक बोट टोकन घेते. अडचण होती ती परत आलेल्या बोटींची. कुठल्या बोटी कुठल्या बंदरात पोचल्या याचे निरोप मोबाइलवर येत होते, सातपाटीहून, डहाणूहून, थेट गुजरातमधल्या बंदरांतून. कुणी मराठीत लिहिलं होतं, कुणी इंग्रजीत, कुणी फक्त बोटीचं नाव, कुणी फक्त नंबर. सोसायटीतले एक काका पहाटेपासून बसून हातातल्या कागदावर पेन्सिलीने खुणा करत होते. त्यांचे डोळे लाल झाले होते.

मॅडमनी माझा लॅपटॉप घेतला, काळी खिडकी उघडली आणि मला म्हणाल्या, सगळे निरोप जसेच्या तसे एका फाइलमध्ये टाका, काही सुधारू नका. मी टाकत गेलो. नुसतं नाव पाठवणाऱ्यांना काकांनी फोन लावून नंबर मागवले. मॅडम कमांड लिहीत गेल्या. आधी मराठी आकड्यांचे इंग्रजी आकडे केले. मग मधल्या रेघा, मोकळ्या जागा, सुरुवातीची शून्यं काढून टाकली आणि शेवटी नुसते नंबर क्रमाने लावले. टोकनच्या यादीचंही तसंच केलं. मग दोन याद्या शेजारी ठेवून, पहिल्या यादीत आहेत पण दुसरीत नाहीत तेवढेच नंबर दाखव, अशी ओळ लिहिली. ओठांत वाचली. एंटर दाबलं.

नऊ नंबर आले. काकांच्या कागदावर आठ बोटी राहिल्या होत्या.

काकांनी कागद बघितला, पडदा बघितला. ज्या बोटीचा फरक पडत होता तिच्यावर त्यांची खूण होती. आलीय ती, ते म्हणाले, डहाणूला आहे, मी स्वतः निरोप वाचलाय. मॅडमनी डहाणूचा निरोप शोधून काढला. बोटीचं नाव तेच होतं. आई आणि एका देवीचं नाव, किनाऱ्यावरच्या दहा बोटींवर असतं तसं. पण निरोपात शेवटी नंबर होता आणि तो दुसऱ्या गावच्या बोटीचा होता. काका खाली बसले. त्यांनी तासाभरापूर्वीच त्या बोटीच्या तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाच्या, बायकोला बोट आल्याचं सांगून घरी पाठवलं होतं.

खोलीत कुणीतरी म्हणालं, आता लगेच नको सांगायला, दुपारपर्यंत कळेलच. मॅडमनी ते ऐकून घेतलं. सोसायटीच्या वायरलेसवर बसलेल्या माणसाला त्या नवव्या बोटीचा नंबर दिला आणि आजूबाजूच्या सगळ्या बोटींना सांगायला लावलं, नावाने नाही, नंबरने विचारा. मग चष्मा दोरीला सोडून उठल्या आणि मला म्हणाल्या, चला.

घर जवळच होतं. तांडेलाची बायको चुलीपाशी नव्हे, गॅसपाशी उभी होती. भाताचा कुकर लावला होता. तिशीची बाई, मला बघून तिने पदर सावरला. मॅडम कारखान्यात बोलतात तशा तिच्याशी बोलल्या नाहीत.

"वैनी, चूक झाली हाय," त्या म्हणाल्या. "डहाणूला आली ती आपली बोट नाय. नाव तेच हाय, नंबर वेगला हाय."

तिने विचारलं, "मंग आमची कुठं हाय?"

"ते अजून माहीत नाय. आमी शोधतोय. तुला सांगितल्याशिवाय बसवलं नाय."

तिने गॅस बंद केला. कुकरचं झाकणही उघडलं नाही. चपला घातल्या आणि आमच्या पुढे चालायला लागली. सोसायटीत आल्यावर ती बाहेर बसली नाही, आत आली आणि मॅडमच्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभी राहिली. कुणी तिला बाहेर जा म्हणालं नाही.

नवा निरोप आला की मी फाइलमध्ये टाकायचो, मॅडम तीच ओळ पुन्हा चालवायच्या. नवाचे सहा झाले. सहाचे चार. दर वेळी त्या उठून ओट्यावर जायच्या आणि आलेल्या बोटींचे नंबर आणि बंदरं मोठ्याने वाचायच्या. राहिलेल्यांबद्दल कुणी विचारलं तर तेही लपवायच्या नाहीत. एका म्हातारीने विचारलं, माझ्या नातवाची हाय का त्यात? मॅडम म्हणाल्या, अजून नाय, आत्या. म्हातारीने मान हलवली. वीसएक मिनिटांनी तिच्या नातवाची बोट गुजरातहून आलेल्या एका निरोपात सापडली, तेव्हा तो नंबर वाचायला मॅडम जवळजवळ पळत गेल्या. त्यांना पळताना मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

दुपारी दोनला एकच नंबर उरला. तोच नववा.

तीनच्या सुमारास वायरलेसवर उत्तर आलं. परतणाऱ्या एका बोटीने विचारलेला नंबर ऐकला होता आणि वाटेत दिसलेल्या एका थांबलेल्या बोटीजवळ जाऊन तिच्या अंगावरचा नंबर वाचला होता. गिअर तुटला होता, वायरलेस बंद पडला होता, नांगर टाकून बोटीवरचे सातही जण सुखरूप थांबले होते. दोन बोटींनी मिळून तिला ओढत सातपाटीला आणायला सुरुवात केली होती. वायरलेसवाल्याने ते दोनदा म्हणून दाखवलं. मॅडमनी तो नंबर फाइलमध्ये स्वतः टाइप केला, ओळ चालवली. या वेळी पडद्यावर काहीच आलं नाही. नुसता ठिपका लुकलुकत राहिला.

"झालं?" तांडेलाच्या बायकोने मागून विचारलं.

"झालं. काय उरलं नाय," मॅडम म्हणाल्या. तेव्हा कुठे ती खाली बसली आणि रडली. काका उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आले. त्यांनी हात जोडले तर तिने त्यांचे हात खाली केले. संध्याकाळी उजेड असतानाच बोट सातपाटीला लागल्याचा फोन आला.

घरी परतताना शिरगावच्या फाट्यापाशी मी गाडी थांबवली आणि थोडा वेळ नुसताच उभा राहिलो. वापरल्या होत्या त्या चार कमांड मलाही येत होत्या. माझ्या हातून त्या दिवशी यादी कदाचित निघालीही असती. पण त्या घरापर्यंत चालत जाणं माझ्याने झालं नसतं, हे मला तिथे उभं असताना स्वच्छ कळलं.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण करायला त्यांनी नकार दिला, पेढा खाल्ला आणि घरी गेल्या. आता त्या आठवड्यातून दोन दिवस सोसायटीत बसतात आणि तांडेलाच्या त्या बायकोला शिकवतात. तिनेच मागे लागून सुरुवात करून घेतली. बोटींची यादी आता रोज तीच जुळवते. दहावीपर्यंत शिकलेली, इंग्रजीची भीती होती, पण 'मॅन'ची पानं मोबाइलवर मराठीत करून वाचते.

मध्यंतरी तिचा मला फोन आला, मॅडम बाहेरगावी होत्या म्हणून. दोन याद्यांत एक नंबर अगदी सारखा दिसत होता, पण मशीन तो जुळवत नव्हतं. मी म्हणालो, विंडोजवरून आलेली फाइल असेल, ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह राहतं, थांबा, कसं बघायचं ते सांगतो. मी कमांड आठवत होतो तोवर पलीकडून कळफलकाचा आवाज आला.

"दिसलं," ती म्हणाली. "ओळीच्या शेवटाला कायतरी लटकलंय. काढते. तुमी फोन ठेवा, दादा, बोटींचे निरोप येतायत."

मी फोन ठेवला.